आजोबांचं न झाडलेलं रिव्हॉल्वर : एक बार काढून बघायचा का?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवड काढून वाचा.

खंडेनवमीला आपल्याकडच्या काही जुन्या घरांत तलवार, कोयता, नांगराचा फाळ यांच्या शेजारी पाटावर एक रिव्हॉल्वरही ठेवतात. त्याला हळद-कुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं आणि दसरा झाला की ते परत फडक्यात गुंडाळून तिजोरीत जातं. अशाच एका घरातल्या वाचकाचा प्रश्न आलाय. रिव्हॉल्वर आजोबांनी घेतलं, मग वडिलांच्या नावावर झालं, आता त्यांच्याकडे यायचंय. तिन्ही पिढ्यांत एकही गोळी झाडलेली नाही. मित्र म्हणतात, "एकदा बार काढून बघ की!" मुलगा म्हणतो, "बाबा, हात लावू नका. न झाडलेल्या पिसची किंमत जास्त असते, मी व्हिडिओ बघितलाय."

खरं कुणाचं? याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येईल, पण त्यानं भागणार नाही. त्या रिव्हॉल्वरवर आपल्या भागाचा दीडशे वर्षांचा इतिहास बसलेला आहे. तो समजला की उत्तर आपोआप मिळतं.

आधी मुलाचं म्हणणं बघू. तो व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतला असणार. तिकडे जुन्या रिव्हॉल्वरचा संग्रह करणं हा मोठा छंद आहे आणि मोठा बाजारही. कोल्ट कंपनीचं पायथन नावाचं रिव्हॉल्वर १९५५ साली आलं आणि २००५ पर्यंत त्याचं उत्पादन पूर्ण थांबलं. मग जुन्या पायथनचे भाव चढले. मूळ खोका, कागदपत्रं आणि 'अनफायर्ड' हा शब्द, हे तिन्ही असेल तर भाव आणखी वर. तिथे हा वाद खरोखर चालतो, की वडिलांचं न झाडलेलं कोल्ट झाडावं की तसंच ठेवावं. संग्राहक भिंग घेऊन बघतात. सिलेंडर फिरून फिरून त्यावर बारीक रेघ उमटली आहे का, सिलेंडरच्या तोंडाशी जळल्याचा डाग आहे का. शंभर गोळ्या झाडल्या तर अमुक डॉलर कमी, असा त्यांचा हिशेब असतो. २०२० साली कोल्टनं पायथन पुन्हा बनवायला घेतलं, तेव्हा कित्येकांनी जुनं कपाटात ठेवलं आणि झाडायला नवीन घेतलं. त्यांचा प्रश्न त्यांच्यापुरता सुटला.

पण यात एक गंमत आहे. 'अजिबात न झाडलेलं' रिव्हॉल्वर असं सहसा नसतंच. कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच ते झाडून बघतात. आपल्याकडच्या जुन्या घरांत जे सापडतं ते बहुतेक इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं, वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं. १८९७ साली कंपन्या एकत्र येऊन ही कंपनी झाली. बर्मिंगहॅममध्ये १८१३ सालापासून एक 'प्रूफ हाऊस' आहे. तिथे प्रत्येक बंदुकीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस घालून बार काढतात. नळी फुटली नाही, कुठे तडा गेला नाही, तरच त्यावर ठसा मारतात. हा ठसा नसलेली बंदूक विकणं इंग्लंडमध्ये गुन्हा आहे. रिव्हॉल्वरची नळी आणि सिलेंडर नीट बघितलं तर मुकुटाचे छोटे छोटे ठसे दिसतील. म्हणजे आजोबांच्या हातात येण्याआधीच ते झाडून झालेलं आहे. कोरेपणाचं सोवळं बर्मिंगहॅमलाच मोडलं. (हे ठसे बघायचे तर आधी जाणत्या माणसाकडून रिकामं करून घ्या. सिलेंडरमध्ये काही नाही असं गृहीत धरून किती अपघात झाले, ते आम्हा बातमीदारांना विचारा.)

आता मुख्य प्रश्न. अमेरिकेतलं रिव्हॉल्वर न झाडलेलं राहतं, कारण कुणीतरी ते संग्रहासाठी जपलं. आपल्याकडचं का राहिलं? आजोबा काही संग्राहक नव्हते. मग विकत घेतलेली वस्तू पन्नास-साठ वर्षं वापरलीच का नाही?

त्यासाठी १८५७ मध्ये जावं लागेल. त्या वर्षीच्या उठावानंतर इंग्रजांनी ठरवलं की हिंदुस्थानच्या रयतेच्या हातात शस्त्र राहू द्यायचं नाही. आपल्या शेजारच्या दक्षिण मराठा मुलखात याचा भडका उडाला. जुलै १८५७ मध्ये कोल्हापुरात २७ वी पलटण उठली. पुढे शस्त्रं जमा करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा मुधोळजवळच्या हलगलीच्या बेरडांनी तो मानला नाही. शस्त्र हाच त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा आणि मान होता. फौज पाठवून गाव चिरडलं, माणसं फासावर दिली. नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे १८५८ मध्ये उठले. दत्तक नाकारल्याचा राग होताच, पण शस्त्रं काढून घेतल्याचाही होता. जूनमध्ये त्यांना बेळगावात फाशी दिलं. ज्या मुलखात घरटी तलवार असे, तिथे तलवार लपवायची वेळ आली.

मग १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात भारतीय शस्त्र कायदा आला. त्यातली बोचणारी गोष्ट अशी की परवाना सगळ्यांना लागत नव्हता. गोऱ्या माणसाला सूट, एतद्देशीयाला परवाना. आपल्याच देशात आपण शस्त्राला नालायक, असा त्याचा सरळ अर्थ होता. काँग्रेसनं अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून याविरुद्ध ठराव केले. अहिंसा सांगणाऱ्या गांधीजींनीही १९१८ साली या कायद्यावर फार कडक शब्दांत टीका केली होती. रंगावरून भेद करणारी कलमं पहिल्या महायुद्धानंतर निघाली, पण तोवर चाळीस वर्षं होऊन गेली होती.

त्या चाळीस वर्षांत महाराष्ट्रात शस्त्राच्या दोन वाटा झाल्या. एक वाट चोरीछुपीची. २२ जून १८९७ ला पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला मारलं, ते लंडनहून चोरून आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एका पिस्तुलानं. या शस्त्रांना ना परवाना होता ना खोका. ती आणलीच होती झाडायला.

दुसरी वाट परवान्याची. परवाना कुणाला मिळायचा? ज्याच्याबद्दल सरकारला खात्री असेल त्याला. इनामदार, जहागीरदार, सावकार, मोठे पाटील, रावसाहेब-रावबहाद्दूर, वकील, पेन्शनर फौजदार. कलेक्टरनं परवाना दिला याचा अर्थ 'हा माणूस आमच्या विश्वासातला' असा होता. म्हणून ते रिव्हॉल्वर कमरेला लावण्यासाठी किंवा दिवाणखान्यात दाखवण्यासाठी असायचं. झाडण्याची गरज नव्हती. आहे एवढं गावाला माहीत असलं की झालं. बंदुकीपेक्षा बंदुकीच्या चर्चेनंच जास्त काम केलं.

आजोबांचं रिव्हॉल्वर कोरं का राहिलं त्याचं उत्तर हे आहे. ती मानाची वस्तू होती. पगडी कुणी रोज घालून शेतात जात नाही, तसंच.

स्वातंत्र्यानंतर हे बदलायला हवं होतं. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसनं मूलभूत हक्कांची यादी केली, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पण डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली तेव्हा ती मान्य झाली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता. परक्या सरकारशी लढताना ही मागणी करणं वेगळं आणि स्वतःचं राज्य चालवताना वेगळं. जो तो बाजारात जाऊन हवं ते हत्यार घेऊ लागला तर राज्यकारभार चालायचा कसा? फाळणीच्या दंगली ताज्या होत्या आणि गांधीजींचा खून होऊन वर्षही झालं नव्हतं. शस्त्र हा आपल्याकडे हक्क झाला नाही, ती सवलतच राहिली. १९५९ चा शस्त्र कायदा त्याच पायावर उभा आहे. त्यात रंगभेद नाही, पण परवाना देणारा साहेब आहे आणि परवान्याभोवतीचा मानही तसाच आहे. आजही आपल्या तालुक्यात कुणाला परवाना मिळाला की अभिनंदनाचे बोर्ड लावायचे तेवढे बाकी राहतात.

याच मानानं किंमतही ठरवली. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी माणसाला परदेशी शस्त्र आयात करणं जवळपास बंद झालं. देशात जेवढी जुनी वेब्ली होती तेवढीच राहिली, मागणी मात्र वाढत गेली. म्हणून इंग्लंड-अमेरिकेत साधारण समजल्या जाणाऱ्या वेब्लीला आपल्याकडे लाखांत भाव येतो. दुसरा पर्याय कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्वर. गंमत बघा, तेही वेब्लीच्याच नमुन्यावर बेतलेलं. २०१४ साली महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' आलं तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. थोडक्यात, आपल्याकडे भाव येतो तो टंचाईमुळे. झाडलंय की न झाडलंय यानं थोडा फरक पडेल, पण चालू स्थितीत आहे का आणि कागद सरळ आहेत का, यानं जास्त पडतो. मुलाचा व्हिडिओ तिकडच्या बाजारापुरता खरा आहे. इकडचा बाजार वेगळा.

इथे एक तुलना केल्याशिवाय पुढे जाववत नाही. आजरा, चंदगड, सिंधुदुर्ग या पट्ट्यात शेतीसंरक्षणाचे परवाने आहेत. त्यावर ठासणीची बंदूक किंवा साधी एकनळी. तिला पूजा असते आणि कामही असतं. रानडुक्कर भातात, उसात शिरलं की बार काढून हाकलायचं. निवडणूक लागली की ही बंदूक जमा करायची नोटीस येते आणि नेमकं पीक उभं असतं. सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करू नका, छाननी करून ज्यांची गरज आहे त्यांचीच करा, असं न्यायालयानं सांगितल्यावर छाननी समित्या आल्या. तरी शेतकऱ्याचा हेलपाटा चुकत नाही. दोन्ही शस्त्रांना कायदा एकच आहे. एक राबतं, एक मिरवतं.

आता कायद्याचं बोलू, कारण मित्रांचा 'एक बार काढ की' हा सल्ला इथेच महागात पडतो.

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. वडील गेले की त्यांचा परवाना वारसाच्या कामाचा राहत नाही. शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे विनाकारण उशीर न करता जमा करायचं असतं. मग वारसानं स्वतःचा परवाना काढून ते परत घ्यावं किंवा ठरलेल्या मुदतीत रीतसर विकावं. मुदत गेली की ते सरकारजमा होऊ शकतं. वडील हयात असतील तर २०१६ च्या नियमांत एक सोय आहे. त्यांचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे असलं, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. ज्यांचे वडील सत्तरीत आहेत त्यांनी हे आत्ताच बघा. नंतर दहाव्याच्या गडबडीत तिजोरीतलं रिव्हॉल्वर कुणाच्या लक्षात राहत नाही आणि वर्षभरानं आठवतं तेव्हा ते बेकायदा झालेलं असतं. बिनपरवाना शस्त्र ठेवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. 'आजोबांची आठवण' हा त्यावर बचाव होत नाही.

त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं राहतील असं ठरलं, आणि वारसाहक्कानं आलेलं शस्त्रही त्या दोनांतच मोजायचं. जुना परवाना असेल तर त्याला राष्ट्रीय नोंदणीतला यूआयएन नंबर पडलाय का तेही तपासा. आणखी एक, बोअर बघा. .३२ चं रिव्हॉल्वर सामान्य परवान्यात बसतं. लष्करातून आलेलं .३८ किंवा .४५५ निघालं तर ते निषिद्ध बोअरमध्ये येतं आणि विषय दिल्लीपर्यंत जातो.

'पण ते बंदच आहे, शोभेचं आहे,' असंही काही जण म्हणतात. कायदा जुन्या, पुराणवस्तू ठरणाऱ्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट देतो, पण अट अशी की दुरुस्ती करूनही ते कधी झाडता येऊ नये. तेल घालून चालू होणारं वेब्ली त्यात बसत नाही. हे ठरवायचं कामही आपलं नाही.

आणि बार काढायचा कुठे? गच्चीवर नाही, मळ्यात नाही, वरातीत तर नाहीच नाही. आनंदाच्या भरात केलेला गोळीबार २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं झाडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर परवाना जाईल तो वेगळा.

समजा कागद सगळे सरळ आहेत. तरीसुद्धा पन्नास वर्षं पडून असलेलं रिव्हॉल्वर थेट झाडू नये. ग्रीसचा डिंक झालेला असतो, स्प्रिंग मेलेली असते, नळीत गंज असतो. शिवाय 'न झाडलेलं' म्हटलं तरी घरातल्या पोराटोरांनी रिकामा चाप ओढून घोडा किती वेळा आपटलाय याचा हिशेब नसतो. त्यानं पिन झिजते. आजोबांनी घेतलेली काडतुसं तर विषच समजा. जुन्या काडतुसातली दारू कमजोर झाली की फुसका बार निघतो. आवाज बारीक येतो, गोळी नळीतच अडकते. माणूस म्हणतो, 'उडालं नाही वाटतं,' आणि पुन्हा चाप ओढतो. दुसरी गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते आणि नळी फुटू शकते. कधी कधी काडतूस दोन-चार सेकंद थांबून उडतं. फुसका बार हा शब्द आपण राजकारणात गमतीनं वापरतो. हातात असताना त्यात गंमत नसते.

म्हणून माझं उत्तर असं. 'झाडावं का?' हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, हे शस्त्र तुमच्याकडे कशासाठी राहणार आहे?

संरक्षणासाठी असेल, तर झाडलंच पाहिजे. परवान्यावर 'आत्मसंरक्षण' लिहायचं आणि आयुष्यात एक गोळी झाडायची नाही, हे पोहता येत नसताना नदीकाठी घर बांधण्यासारखं आहे. जाणत्या कारागिराकडून तपासून घ्या, परवान्यावर नवीन काडतुसं घ्या, जिल्ह्याच्या रायफल क्लबच्या किंवा मान्यताप्राप्त रेंजवर, त्यांच्या परवानगीनं आणि प्रशिक्षकासमोर सराव करा. एकदा नव्हे, नियमित. तिथे कोरेपणाचा विचार डोक्यातून काढून टाका.

खेळाची आवड असेल तर आजोबांचं वेब्ली बाजूला ठेवा. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ही सगळी आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची नावं. ही माणसं घरातल्या जुन्या हत्यारावर घडली नाहीत, रेंजवरच्या रोजच्या मेहनतीवर घडली. पोराला बार ऐकायची हौस असेल तर त्याला एअर रायफलच्या वर्गाला घाला.

आणि फक्त आठवण म्हणून ठेवायचं असेल, तर झाडू नका. किंमत कमी होईल म्हणून नव्हे. एका बारानं तुम्हाला आजोबांबद्दल काहीही नवीन कळणार नाही म्हणून. आजोबांबद्दल जे कळायचं ते त्या रिव्हॉल्वरच्या कागदांत आहे. परवान्याची जुनी वही, त्यावरचे कलेक्टरचे शिक्के, कोणत्या कारणासाठी परवाना दिला ती ओळ, नूतनीकरणाच्या तारखा, दुकानाची पावती. त्यावरून समजेल की सरकारचा या माणसावर विश्वास का होता, किंवा त्याला कुणाची भीती वाटत होती. ती भीती कुळांची होती, दरोडेखोरांची होती की भाऊबंदांची? घराण्याचा खरा इतिहास तिथे आहे. आणि तो दर वेळी अभिमानाचाच निघेल असं नाही.

गावोगावी असं दिसतं की वारस शस्त्र विकतात, पैसे घेतात आणि परवान्याची वही रद्दीत जाते. माझ्या मते उलटं करायला हवं. शस्त्र ठेवणं झेपत नसेल तर खुशाल विक्रेत्यामार्फत विका किंवा सरकारजमा करा, त्यात कमीपणा काही नाही. कागद मात्र जपा. मूळ परवाना कार्यालयात द्यावा लागणार असेल तर आधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवा.

असे जुने परवाने तुमच्या घरात असतील तर ते कोणत्या सालचे आणि कोणत्या कारणासाठी दिलेले, एवढं कमेंटमध्ये लिहा. आपल्या तालुक्याचा एक वेगळाच इतिहास त्यातून जुळेल. फक्त शस्त्राचा फोटो, नंबर आणि घरचा पत्ता टाकू नका. चोरही फेसबुक वाचतात.